थेंबभर रक्ताचा हिशेब

गेल्या वर्षी महिला दिनाच्या निमित्तानं आमच्या वस्तीत एक आरोग्य शिबिर झालं. समाजमंदिरात टेबलं मांडली होती, पांढऱ्या कोटातल्या मुली दंडाला रबर बांधून भराभर रक्त घेत होत्या. ही साधी तपासणी नाही, रक्तातली शेकडो रसायनं एका वेळी मोजणारं हे नवं तंत्र आहे, पुढे होणारे आजार त्यात आधीच कळतात, असं माइकवरून सांगितलं जात होतं. सवलतीचा दर बाराशे रुपये. शकुंतलाबाईंनी (नाव बदललं आहे) भिशीचे पैसे मोडून ती तपासणी करून घेतली.

शकुंतलाबाई सत्तेचाळीस वर्षांच्या. चार घरची धुणीभांडी करतात. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तरीही अधूनमधून अंगावरून लाल जायला लागलं होतं. गटाच्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं, तेव्हा सरकारी रुग्णालयात जाऊन आतून तपासून घ्यायचं असं आमचं ठरलंही होतं. शिबिरानंतर पंधरा दिवसांनी त्या मला रस्त्यात भेटल्या. हातात बारा पानी इंग्रजी अहवाल. "ताई, आता दवाखान्यात यायला नको. सगळं हिरवं आलंय."

अहवालातले बहुतेक रकाने खरोखरच हिरवे होते. पण त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कोणी केलीच नव्हती. 'हे निदान नव्हे' अशी एक ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती, तीही इंग्रजीत. पुढचे चार महिने आमचे समजूत घालण्यात गेले. अखेर त्या आल्या, आतून तपासणी झाली, तुकडा काढून तपासला गेला आणि कॅन्सर निघाला. आता उपचार पूर्ण झाले आहेत, दोन घरची कामं त्यांनी पुन्हा धरली आहेत. पण ते चार महिने माझ्या मनातून जात नाहीत.

मला विज्ञानाविरुद्ध लिहायचं नाही, हे आधीच सांगते. ज्या शास्त्राच्या नावावर ते शिबिर झालं त्याला मेटॅबोलोमिक्स म्हणतात. मी शास्त्रज्ञ नाही, समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. पण शकुंतलाबाईंच्या प्रसंगानंतर जे मिळेल ते वाचलं, डॉक्टर मैत्रिणींना विचारलं. त्यातून माझं मत असं झालं आहे की हे शास्त्र बायकांच्या खूप कामाचं आहे, मात्र ज्या वाटेनं ते आज आपल्या दारात येतं आहे ती वाट आपल्या हिताची नाही. ती बदलायची तर आपल्याला त्यातलं थोडं तरी समजून घ्यावं लागेल.

हे शास्त्र आहे तरी काय?

आपण खातो, श्वास घेतो, राबतो, झोपतो, तेव्हा शरीरातल्या पेशींमध्ये अखंड मोडतोड आणि जुळणी चालू असते. तिला चयापचय म्हणतात. त्यातून साखर, ॲमिनो आम्लं, मेदाम्लं, लॅक्टिक आम्ल, युरिया असे असंख्य लहान लहान रेणू तयार होतात आणि रक्तात, लघवीत उतरतात. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र या रेणूंना विद्युतभार देतं आणि त्यांच्या वजनावरून त्यांना ओळखतं. रक्ताच्या लहानशा नमुन्यातून असे शेकडो रेणू एकाच वेळी मोजणं आणि आजारी व निरोगी माणसांत त्यांचं प्रमाण कसं बदलतं ते पाहणं, म्हणजे मेटॅबोलोमिक्स.

मूळ कल्पना जुनीच आहे. 'मधुमेह' या शब्दातच गोड लघवीची खूण आहे. १९०२ साली इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी, ज्यांची लघवी हवेत काळी पडते अशा रुग्णांचा अभ्यास करून, चयापचयातला दोष जन्मजात असू शकतो हे मांडलं. तेव्हा एकेक पदार्थ शोधावा लागे, आता शेकडो एकदम दिसतात.

कॅन्सरशीही चयापचयाचं नातं जुनं आहे. १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांच्या लक्षात आलं की गाठीतल्या पेशी प्राणवायू असतानाही साखर भराभर खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. आज मोठ्या रुग्णालयात जो पेट स्कॅन होतो, तो याच साखरेच्या हावेचा उपयोग करतो. किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात आणि ती कुठे जमा होते ते पाहतात. मुलांना होणाऱ्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशींना ॲस्परजिन हे ॲमिनो आम्ल बाहेरून लागतं. ते रक्तातून नाहीसं करणारं औषध गेली अनेक दशकं वापरात आहे. अलीकडे, २००९ साली, मेंदूच्या काही गाठींमध्ये जनुकातल्या एका बदलामुळे एक विशिष्ट रेणू भरमसाट तयार होतो असं दिसलं, आणि तो तयार होणं रोखणारी औषधंही आता आली आहेत. तेव्हा हा काही भोंदूपणा नाही. अभ्यास खरा आहे आणि त्यातून माणसं वाचतात.

आपल्या मुंबईची गोष्ट

या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईतल्या गरीब बायकांपर्यंत जातो, आणि तो आपल्या चळवळीत फारसा कोणी सांगत नाही.

१९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीकामगार बायकांमध्ये गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेकजणी दगावत होत्या. लुसीबाईंनी बायकांच्या आहाराचा अभ्यास केला. ज्यांचं खाणं सर्वांत निकस, त्या गरीब मुसलमान बायकांमध्ये हा आजार सर्वांत जास्त होता. यीस्टचा अर्क, म्हणजे मारमाइट नावाचा स्वस्त पदार्थ, दिल्यावर बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड.

पुढे अमेरिकेत, मूळचे आंध्रचे असलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी रसायनंही बनवली. वाढणाऱ्या पेशीला फॉलिक ॲसिड लागतं, मग कॅन्सरच्या पेशीला ते मिळूच दिलं नाही तर? १९४८ मध्ये बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांवर याचा तात्पुरता का होईना पण परिणाम दिसतो, असं जाहीर केलं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट १९५६ च्या सुमारास वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरवर वापरलं गेलं आणि केवळ औषधानं गाठीचा कॅन्सर बरा होतो हे प्रथमच सिद्ध झालं. तो कॅन्सरही बायकांचाच होता.

मुंबईच्या चाळींतल्या गरोदर बायकांच्या रक्तातून मिळालेलं ज्ञान अशा रीतीनं जगभर गेलं. त्या बायकांच्या वाट्याला काय आलं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के. लुसीबाईंचा अभ्यास होऊन नव्वद वर्षं झाल्यावरची ही पाहणी आहे. बायकांच्या रक्तातून औषध निघालं, ताटातली भाजी मात्र वाढली नाही.

रक्तात आयुष्य उतरतं

हे शास्त्र आपल्या कामाचं का, ते आता सांगते. जनुकं जन्मभर बहुतेक तीच राहतात. घरात कोणतं सामान आहे त्याची ती यादी म्हणा. हे रेणू मात्र आज चुलीवर काय शिजतंय ते सांगतात. बाई उपाशी आहे का, रात्रपाळी करते का, मिश्री लावते का, चुलीच्या धुरात किती तास बसते, गरोदर आहे का, गर्भनिरोधक गोळ्या घेते का, या सगळ्याची खूण रक्तात उतरू शकते. आपण शिबिरांतून, पथनाट्यांतून जे ओरडून सांगत आलो, की बाईचा आजार तिच्या जगण्यातून येतो, त्याला मोजमापाचा पुरावा देण्याची ताकद या तंत्रात आहे.

याचं उत्तम उदाहरण पुण्याजवळच आहे. १९९३ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं. त्यांत बहुसंख्य बायकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीनसारखे काही रेणू रक्तात साचतात, ते मोजता आले. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध अधिक खात होत्या त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. आणि ज्या आयांमध्ये बी-१२ कमी पण फॉलिक ॲसिड भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटून काम भागत नाही, हे त्या खेड्यातल्या बायकांच्या रक्तानं दाखवून दिलं.

पण हाच पुरावा दुसऱ्या बाजूनंही वाचता येतो, आणि बाजारात तसाच वाचला जातो. शकुंतलाबाईंच्या अहवालात ज्या दोन-तीन रकान्यांना लाल रंग होता, त्याच्यापुढे सल्ला होता: ताण कमी करा, आठ तास झोपा, फळं व सुका मेवा खा. पहाटे पाचला पाण्याच्या नळाला उभ्या राहणाऱ्या बाईला हा सल्ला! जगण्याची परिस्थिती रक्तात दिसली, पण दोष मात्र बाईच्या 'सवयीं'वर ठेवला गेला. आणि हिरवा-लाल हे ठरवणारं 'सर्वसाधारण' प्रमाण कोणाचं? ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांचे नमुने साठवून मोठा अभ्यास चालू आहे, त्यातले बहुतेक गोरे आहेत. आपली बाई, तिची ज्वारीची भाकरी, तिचा रक्तक्षय, हे त्या पट्टीत कुठे आहे? आपल्या बायकांचा अभ्यास व्हायलाच हवा. तो त्यांच्यासाठी व्हायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सापडणं म्हणजे वाचणं नव्हे

दुसरा धोका घाईचा. २००९ मध्ये पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरबाबत सार्कोसिन या रेणूची मोठी चर्चा झाली, तो लघवीत सापडला की घातक कॅन्सर ओळखता येईल असं वाटलं. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा ती गोष्ट तशी टिकली नाही. विज्ञानात असं होतंच, त्यात लाज नाही. लाज आहे ती पहिल्या बातमीवर तपासणी विकण्यात.

शिवाय रोग लवकर सापडला म्हणून जीव वाचतोच असंही नाही. बीजकोशाच्या कॅन्सरसाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर एक प्रदीर्घ अभ्यास झाला. त्यात दरवर्षी रक्तातलं एक प्रथिन मोजलं जात होतं. ते मेटॅबोलोमिक्स नव्हे, पण धडा तोच आहे. २०२१ मध्ये निकाल आला: काही कॅन्सर लवकर सापडले, मात्र मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून अशी कोणतीही तपासणी आली की तीमुळे किती सापडतात याच्या पुढे जाऊन, तीमुळे किती बायका वाचतात, हे विचारायला हवं.

आणि वाचवणाऱ्या तपासण्या आपल्याकडे आहेत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियल रुग्णालयानं दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून दर दोन वर्षांनी पाहिलं. त्यानं या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सेविकांनी हातानं केलेल्या स्तनतपासणीनं पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

याच अभ्यासांत तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांना नियमित तपासणी दिली नव्हती, त्यावर नैतिकतेचे गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि ते योग्यच होते. पण एवढी किंमत मोजून मिळालेलं ज्ञान तरी आपल्यापर्यंत पोचलं का? सरकारनं २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करण्याचं धोरण आखलं. त्यानंतरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के, आणि स्तनांची ०.९ टक्के! २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं भारतात एका वर्षात सुमारे ८० हजार बायका गेल्या. जिथे व्हिनेगर आणि कापसाचा बोळा पोचला नाही तिथे बाराशे रुपयांचं यंत्रज्ञान माइकवरून पोचतं, हा आपल्या आरोग्यव्यवस्थेचा खरा अहवाल आहे.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

तिसरा प्रश्न रक्ताच्या मालकीचा. शिबिरात बायकांकडून एका कागदावर सह्या-अंगठे घेतले होते. उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्याची परवानगी त्यात होती. आमच्यापैकी एकीलाही ते वाचून दाखवलं नव्हतं.

बायकांच्या शरीराबाबत हे पहिल्यांदा घडत नाही. दिल्लीत १९७० च्या दशकात गर्भाशयमुखावर कॅन्सरपूर्व बदल असलेल्या हजारांहून अधिक स्त्रियांना, त्यांना पूर्ण माहिती न देता, उपचाराविना निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. ते उघड झालं १९९७ मध्ये. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास झाला, तेव्हा अनेक मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीच सह्या केल्या होत्या. महिला संघटनांनी आवाज उठवला, अभ्यास थांबला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं कडक ताशेरे ओढले. ती लस उपयुक्त आहे, मुलींच्या मृत्यूंशी तिचा संबंध सिद्ध झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण चांगल्या गोष्टीसाठीसुद्धा संमती चोरायची नसते, हे आपण तेव्हाही म्हणत होतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत चांगली आहेत. साठवलेल्या नमुन्याचा पुढे काय उपयोग होणार ते सांगितलं पाहिजे, संमती मागे घेता आली पाहिजे, नैतिकता समितीत शास्त्रज्ञांबरोबर सर्वसामान्य व्यक्तीही असली पाहिजे, असं त्यांत म्हटलं आहे. ही सर्वसामान्य व्यक्ती आपल्या गटांतली का नसावी? बचतगट चालवणारी, रेशनच्या मोर्चात बोलणारी बाई त्या खुर्चीवर बसली तर पहिला प्रश्न विचारील: हा कागद मराठीत का नाही?

आपण काय करू शकतो?

आमच्या गटानं आता असं ठरवलं आहे. वस्तीत कोणीही रक्त घ्यायला आलं की आधी बैठक, मग शिबिर. बैठकीत पाच प्रश्न विचारायचे. या तपासणीनं मृत्यू कमी होतात असं दिसलं आहे का? अहवाल मराठीत कोण समजावून सांगणार? काही निघालं तर पुढची तपासणी आणि उपचार कुठे, कोणाच्या खर्चानं? उरलेलं रक्त कुठे जाणार आणि त्यातून नफा झाला तर तो कोणाचा? आणि नाही म्हटलं तर चालेल ना? उत्तरं लेखी मिळाली तरच समाजमंदिराची किल्ली द्यायची.

दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पालिकेच्या दवाखान्यात गर्भाशयमुखाची व स्तनांची तपासणी कोणत्या दिवशी होते, याची पाटी लावायला भाग पाडायचं. आमच्या दवाखान्यात तीन अर्ज आणि एक ठिय्या झाल्यावर ती लागली. आता दर गुरुवारी आठ-दहा जणी एकमेकींना घेऊन जातात. एकटीला जायची लाज वाटते, दहाजणींना वाटत नाही.

तिसरं, संशोधन करणाऱ्या संस्थांशी बोलायचं. आमच्या मिश्रीचा, चुलीचा, रात्रपाळीचा, शेतातल्या फवारणीचा अभ्यास करा, आम्ही रक्त देऊ, पण प्रश्न ठरवताना आम्हाला बोलवा आणि निष्कर्ष आधी आमच्या बैठकीत सांगा.

गेल्या महिन्यात शकुंतलाबाई उपचारानंतर पहिल्यांदाच बैठकीला आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी विचारलं, "ताई, त्या शिबिरात माझ्या दोन नळ्या घेतल्या होत्या. एकीचा कागद आला. दुसरीचं काय झालं?" आम्ही त्या कंपनीला पत्र पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. महिनाभर वाट पाहून आम्ही सगळ्याजणी तिथे जाणार आहोत. तुमच्या भागातही अशी शिबिरं झाली असतील, तर तिथे काय घडलं ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. मिळून विचारलं तर उत्तर द्यावंच लागेल.